एरंडोल लोकसभा मतदारसंघ (१९७७ ते २००९) : आपल्या खासदारांची यादी आपण चुकीच्या नावाखाली शोधतोय

गिरणाकाठ (धागाकर्ता)

पारोळा, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव या पट्ट्यातल्या कुणीही आज 'आपला १९८९ सालचा खासदार कोण' हे शोधायला घेतलं, तर तो साहजिकच जळगाव लोकसभेची यादी उघडतो. आज आपण जळगावला मतदान करतो ना! त्या यादीत १९८९ समोर नाव दिसतं यादव शिवराम महाजन, काँग्रेस. पण आपल्या वडिलांनी, आजोबांनी त्या साली महाजनांना मतही दिलं नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं, कारण त्यांच्या मतपत्रिकेवर ते नावच नव्हतं. आपल्या पट्ट्याने त्या वर्षी भाजपचे उत्तमराव पाटील निवडून दिले होते आणि मतदारसंघाचं नाव होतं एरंडोल.

हा मतदारसंघ २००८ला मतदारसंघांच्या हद्दींची पुनर्रचना झाली, त्यात गेला. नाव गेलं ते गेलं, पण त्यासोबत तीस वर्षांचा राजकीय इतिहासही बेवारस झाल्यासारखा झाला, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. जेवढं खात्रीचं आहे तेवढं लिहितो, बाकीच्यांनी भर घालावी.

आणीबाणीनंतरची १९७७ची निवडणूक ही एरंडोलची पहिली. १९७१च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत महाराष्ट्राच्या जागा ४५ वरून ४८ झाल्या, त्याच नकाशावर हे नाव आलं. पहिल्याच वेळी लोकांनी जनता पक्षाचे सोनूसिंग धनसिंग पाटील दिल्लीला पाठवले. शेजारी जळगावातही जनता पक्षाचे यशवंत बोरोले आले. राज्यात तेव्हा काँग्रेसला २० आणि जनता पक्षाला १९ जागा होत्या, म्हणजे लढत अगदी काट्याची होती आणि आपला जिल्हा पूर्णपणे बदलाच्या बाजूला उभा राहिला. सोनूसिंग अण्णा मोरारजी देसाईंच्या सरकारात गृह राज्यमंत्री झाले. नव्या कोऱ्या मतदारसंघाचा पहिलाच खासदार थेट गृहखात्यात!

१९८० आणि १९८४ ला काँग्रेसचे विजय नवल पाटील. तेही केंद्रात दळणवळण खात्याचे उपमंत्री होते. १९८९ ला उत्तमराव पाटील, १९९१ ला पुन्हा विजय नवल पाटील. मग १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे चार वेळा भाजपचे अण्णासाहेब एम. के. पाटील, जे वाजपेयी सरकारात ग्रामविकास राज्यमंत्री होते. शेवटी २००७च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे अ‍ॅड. वसंतराव मोरे.

दहा निवडणुका, पाच माणसं. भाजप पाच वेळा, काँग्रेस तीन वेळा, जनता पक्ष आणि राष्ट्रवादी एकेकदा. पाचांपैकी तिघे केंद्रात मंत्रिपदावर होते. एका तालुक्याच्या गावाचं नाव लावणाऱ्या मतदारसंघासाठी ही लहान गोष्ट नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. एरंडोल आणि जळगाव एकाच जिल्ह्यात, पण दोघांचा कौल सारखाच लागेल असं कधी धरता यायचं नाही. १९८९ ला एरंडोल भाजपकडे आणि जळगाव काँग्रेसकडे. दोनच वर्षांत, १९९१ ला, बरोबर उलट: एरंडोलात काँग्रेस आणि जळगावात भाजपचे गुणवंतराव सरोदे. १९९८ ला पुन्हा फाटाफूट. एरंडोलने एम. के. पाटील राखले आणि जळगावने काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील निवडले. त्या वर्षी भाजपला साऱ्या महाराष्ट्रात फक्त चार जागा मिळाल्या होत्या: मुंबई उत्तर, जालना, बीड आणि आपलं एरंडोल. २००७च्या पोटनिवडणुकांतही तसंच झालं, एरंडोल राष्ट्रवादीकडे गेलं आणि जळगावात भाजपचे हरिभाऊ जावळे आले.

चार वेळा एकाच जिल्ह्याने दोन वेगळे कौल दिले. याचा अर्थ गिरणा-बोरीकाठचा मतदार वेगळा विचार करत होता. त्याचा हिशेब जळगावच्या यादीत लावला की तो विचारच पुसला जातो.

माझं म्हणणं असं, की आजचा 'जळगाव' मतदारसंघ हा खरं तर जुन्या एरंडोलचा वारस आहे आणि जुन्या जळगावचा वारस आहे 'रावेर'. नावं अदलाबदल झाल्यासारखी झाली. पटत नसेल त्यांनी जरूर सांगा.

---

बोरीतीर

भाऊ, बठ्ठं बरोबर लिखं तुम्हीन. आमना एरंडोलनं नाव गयं, आते कोनी पुसत बी नही. पारोळानं तं आमदारकीनं नाव बी गयं.

अहिराणी सोडून थोडं मराठीत लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल. २००८च्या पुनर्रचनेत आमच्यावर दुहेरी घाव बसला. पारोळा विधानसभा मतदारसंघ रद्द झाला आणि तालुका एरंडोल विधानसभेला जोडला गेला. लोकसभेचं एरंडोल गेलं, विधानसभेचं पारोळा गेलं. आज पारोळ्याचा आमदार 'एरंडोलचा आमदार' म्हणवला जातो आणि खासदार 'जळगावचा'. किल्ला आमचा, बालाजींचा रथ आमचा, एवढं जुनं पेठेचं गाव, पण मतदारयादीच्या मथळ्यावर आमचं नाव कुठेच नाही.

आमच्या गल्लीतल्या सभामंडपावर अजून एक संगमरवरी पाटी आहे. 'खासदार स्थानिक विकास निधीतून', खाली खासदारांचं नाव आणि त्याखाली 'एरंडोल लोकसभा मतदारसंघ'. मागच्या दिवाळीला मंडळाने रंग काढला, तेव्हा पोरं पाटीवरूनही ब्रश फिरवणार होती. त्यांना वाटलं नाव चुकीचं छापलंय! मी थांबवलं. अक्षरांत काळा रंग पुन्हा भरून घेतला. आता लांबूनही वाचता येतं.

---

यावलकर

धागा आवडला. आम्ही तापीच्या त्या अंगाचे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

तुमच्या म्हणण्याला आमच्याकडून पूर्ण दुजोरा. यावल, रावेर, भुसावळ, तेव्हाचं एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, हा सगळा केळीचा पट्टा जुन्या जळगाव लोकसभेत होता. यादव शिवराम महाजन, सरोदे, उल्हास पाटील, वाय. जी. महाजन, जावळे हे आमचे खासदार. आज आमच्या मुलाने 'रावेर लोकसभा' शोधलं तर यादी २००९ पासूनच सुरू होते, जणू त्याआधी आम्ही मतदानच केलं नव्हतं! पहिलं नाव हरिभाऊ जावळे, त्यानंतर २०१४ पासून रक्षा खडसे. पण जावळे तर २००७ पासूनच आमचे खासदार होते, फक्त तेव्हा पाटीवर जळगाव लिहिलेलं होतं.

याहून स्पष्ट पुरावा काय हवा? २००९ ला दोन विद्यमान खासदार होते. जळगावचे जावळे रावेरला उभे राहिले आणि जिंकले. एरंडोलचे वसंतराव मोरे जळगावला उभे राहिले आणि भाजपच्या ए. टी. नाना पाटलांकडून हरले. दोघेही आपापल्या जुन्या मतदारांच्या मागे गेले. पुढाऱ्यांना कोणता मतदार कुठे गेला हे बरोबर कळतं, याद्या करणाऱ्यांना कळत नाही.

एक भर. आमचाही विधानसभा मतदारसंघ गेला. पारोळ्यासोबत यावलही रद्द झालं. तेव्हा बोरीतीर, दुःख एकट्याचं नाही.

---

निवृत्त गुरुजी

मी मतदानाच्या ड्यूट्या भरपूर केल्या, बहुतेक पारोळा आणि एरंडोल तालुक्यात. नव्या मुलांना कल्पना नसेल म्हणून लिहितो.

तालुक्याच्या ठिकाणी सकाळपासून साहित्य वाटप. लोखंडी मतपेटी, मतपत्रिकांचे गठ्ठे, मतदारयादीच्या प्रती, शाईची बाटली, लाख, मेणबत्ती, सुतळी, कागदी मोहर. सगळं मोजून घ्यायचं, पावतीवर सही करायची आणि एस.टी.च्या नाहीतर ट्रकच्या गर्दीत गावाला निघायचं. रात्री शाळेतच मुक्काम. पाटलांच्या नाहीतर सरपंचांच्या घरून भाकरी, कळण्याची असो की ज्वारीची, आणि शेवभाजी यायची. पण केंद्राध्यक्ष कडक असला तर तो ती घेऊ देत नसे. आम्ही डबे नेत असू.

सकाळी एजंटांसमोर पेटी उघडून रिकामी दाखवायची, मग सीलबंद करायची. मतपत्रिकेच्या मागे केंद्राध्यक्षाची सही. मतदाराला फुलीचा शिक्का द्यायचा आणि सांगायचं, आधी उभी घडी घाला, मग आडवी. कारण शाई ओली असली आणि घडी उलटी पडली की ठसा दुसऱ्या चिन्हावर उमटतो. मग मोजणीच्या टेबलावर त्या एका मतावरून दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी भांडायचे. म्हाताऱ्या बायांना मी घडी करून दाखवत असे, कोऱ्या कागदावर. त्या मान हलवत आत जायच्या आणि बाहेर येऊन पेटीच्या फटीत मतपत्रिका अशा सांभाळून सरकवायच्या, की बघत राहावं.

एरंडोलच्या बहुतेक निवडणुका अशाच कागदावर झाल्या. २००४ ला देशभर मतदान यंत्रं आली, तोवर मतदारसंघाचं आयुष्य संपत आलं होतं.

१९८९ची निवडणूक मला विशेष आठवते. बोफोर्सची हवा होतीच, पण उत्तमरावांबद्दल विरोधकांच्या मनातही आदर होता. ते नवखे नव्हते. १९५७ साली भारतीय जनसंघाचे देशभरातून फक्त चार खासदार निवडून आले होते. त्यात बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी होते आणि धुळ्याचे उत्तमराव पाटील होते! पुढे १९७८च्या पुलोद (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दल आघाडीच्या) सरकारात ते महसूलमंत्री झाले आणि १९८० ला भाजप स्थापन झाल्यावर महाराष्ट्राचे पहिले प्रदेशाध्यक्ष. तीन दशकांनी हा माणूस एरंडोलमधून पुन्हा लोकसभेत गेला. जनसंघाच्या पहिल्या पिढीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एरंडोल वगळून कसं चालेल?

---

गिरणाकाठ

गुरुजी, मनापासून आभार. उभी घडी, आडवी घडी ही माहिती कुठल्याच यादीत मिळत नाही.

यावलकर, २००९चा दाखला तुम्ही दिलात ते फार चांगलं झालं. मी तो लिहिणारच होतो.

---

पांझराकाठ

धुळ्याहून. १९७७च्या आधीचंही थोडं यायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एरंडोलच्या आधी तिथे काही नव्हतंच.

१९५२ ला जळगावमधून हरि विनायक पाटसकर आणि भुसावळमधून शिवराम रंगो राणे, दोघेही काँग्रेसचे. पाटसकर नेहरूंच्या सरकारात विधी खात्याचे मंत्री होते. हिंदू कायद्यांची जी विधेयकं १९५५-५६ ला मंजूर झाली, ती संसदेत त्यांनी हाताळली. पुढे ते मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट. पूर्व खानदेशातून अपक्ष नौशेर भरुचा आले, मुंबईचे पारशी वकील! कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी एका पारशी वकिलाला लोकसभेत धाडलं, आणि पश्चिम खानदेशात जनसंघाचे उत्तमराव. त्या साली आख्ख्या खानदेशने काँग्रेसला दाखवून दिलं की आम्हाला गृहीत धरू नका.

म्हणजे एरंडोलची स्वतंत्र वृत्ती म्हणताय ती १९७७ ला अचानक उगवलेली नाही.

आमच्या धुळ्याचंही तुमच्यासारखंच. २००९च्या आधी कित्येक वर्षं धुळे अनुसूचित जमातींसाठी राखीव होतं. पुनर्रचनेत ते खुलं झालं, मालेगाव लोकसभा मतदारसंघ रद्द झाला आणि मालेगावच्या दोन्ही विधानसभा धुळ्याला जोडल्या गेल्या. आमच्या जिल्ह्यातली साक्री आणि शिरपूर आज नंदुरबार लोकसभेत आहेत. त्यामुळे धुळ्याचे २००४चे बापू हरी चौरे आणि २००९चे प्रताप सोनवणे यांची नावं एकाखाली एक लिहिली, तरी त्यांना निवडून देणारे मतदार बऱ्याच अंशी वेगळे आहेत.

---

अमळनेरी

राजकारण्यांची नावं झाली, पण या मतदारसंघाचे प्रश्न काय होते ते कुणीच लिहिलं नाही. मी लिहिते.

पाणी. पाणी आणि परत पाणी. आमच्या तालुक्यात तापीवर पाडळश्याचं धरण, निम्न तापी प्रकल्प. एरंडोल मतदारसंघ होता तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत त्याचं आश्वासन. मतदारसंघ गेला, नवा आला, त्याचेही खासदार बदलले, आश्वासन तेच. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांचं तसंच. प्रचारसभेत नकाशा फडकवला जातो. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडचे लोक वर गिरणा धरण किती भरलं याची बातमी दिवाळीआधी रोज बघतात, कारण त्यावर रब्बीची आवर्तनं ठरतात. आमच्याकडे बोरी आणि पांझरा, पावसाळ्यात वाहिल्या तर वाहिल्या.

दुसरं, कापूस. भाव पडला की इथला खासदार पडायचा, असं माझे सासरे म्हणायचे. अगदी तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण पणन महासंघाच्या केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या त्या काळात लोकसभेची चर्चा त्या रांगेतच व्हायची, हे मी लहानपणी ऐकलेलं आहे. माणसं दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायची. मग चहावाल्याच्या कंदिलाभोवती दिल्लीचं राजकारण.

तिसरं, गिरण्या. अमळनेरची प्रताप मिल बंद पडली, चाळीसगावची गेली. त्या कामगारांची मतं हा एकेकाळी मोठा विषय होता. आज त्यावर बोलायलाही कुणी उरलेलं नाही.

आणि गिरणाकाठ दादा, तुमच्या म्हणण्याला आणखी एक आधार देते. २००९ नंतरचे जळगावचे खासदार बघा. ए. टी. नाना पाटील पारोळ्याकडचे. २०१९चे उन्मेष पाटील चाळीसगावचे. २०२४ला निवडून आलेल्या स्मिताताई वाघ आमच्या अमळनेरच्या, आणि त्यांच्यासमोर ठाकरे गटाकडून उभे राहिलेले करण पवार पारोळ्याचे. नाव जळगावचं, पण उमेदवार सगळे जुन्या एरंडोलचे! १९७७ पासून या पट्ट्याच्या यादीत स्मिताताई पहिल्याच महिला, हेही नोंदवून ठेवा.

---

गिरणाकाठ

अमळनेरी ताई, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात असायला हवा इतका मोलाचा आहे. जळगाव शहर नव्या मतदारसंघात आलं खरं, पण खासदार अजूनही बोरी आणि गिरणेच्या काठावरूनच येतात.

---

कायदेवाचक

२००५च्या प्रकरणावर कुणी बोललं नाही, संकोच वाटत असावा. पण निवडणुकीचा इतिहास लिहायचा तर ते टाळता येणार नाही. फक्त नोंदीतलं लिहितो.

१२ डिसेंबर २००५ ला एका वृत्तवाहिनीने छुप्या चित्रीकरणाचा कार्यक्रम दाखवला. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांनी पैसे घेतल्याचा तो आरोप होता. लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि २३ डिसेंबरला लोकसभेने दहा आणि राज्यसभेने एक सदस्य बडतर्फ केला. भाजपने सभात्याग केला. त्यांचं म्हणणं होतं की प्रकरण विशेषाधिकार समितीकडे जावं.

त्या दहांत आपल्या जिल्ह्याचे दोघे होते. एरंडोलचे एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन. दोन खासदार असलेल्या जिल्ह्याचे दोन्ही खासदार एकाच दिवशी गेले. महाराष्ट्रातून बडतर्फ झाले ते हे दोघेच.

बडतर्फ सदस्य न्यायालयात गेले. घटनेत संसदेला स्वतःचा सदस्य कायमचा काढून टाकण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जानेवारी २००७ ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने बडतर्फी कायम ठेवली. सरन्यायाधीश सभरवाल बहुमताच्या बाजूने होते आणि न्या. रवींद्रन यांचं मत वेगळं पडलं. बडतर्फ खासदारांपैकी एकाच्या नावावरून कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल राजाराम पाल खटला म्हणून शिकवतात. एरंडोलचा त्यात संबंध आहे हे खानदेशातल्या विद्यार्थ्यांनाही फारसं माहीत नसतं.

त्यानंतर २००७ ला पोटनिवडणुका झाल्या आणि मोरे व जावळे आले.

---

गिरणाकाठ

बरं झालं तुम्ही लिहिलंत. माझा यातला राग वेगळ्या गोष्टीवर आहे. डिसेंबर २००५ पासून पोटनिवडणुकीपर्यंत, म्हणजे वर्षाहून जास्त काळ, आख्ख्या जळगाव जिल्ह्याचा लोकसभेत एकही प्रतिनिधी नव्हता. कापूस, केळी, गिरणेचं पाणी, सुरत-नागपूर महामार्ग, रेल्वेचे थांबे, कशावरही आपल्या वतीने बोलायला सभागृहात कुणी नव्हतं. ज्यांनी मत दिलं त्यांची काय चूक होती? बडतर्फीची चर्चा देशभर झाली, आपल्या रिकाम्या दोन खुर्च्यांची मात्र कुठेच झाली नाही.

आणि मोरेंना मिळाली ती जेमतेम दोन वर्षांची कारकीर्द. त्यातच मतदारसंघ रद्द झाल्याचा आदेश निघाला. एरंडोलचा शेवटचा खासदार म्हणून त्यांचं नाव राहील.

---

यावलकर

पुनर्रचना अशी का झाली हे थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणा एका नेत्यावर बिल फाडलं जाणार नाही.

न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून हद्दी आखल्या. लोकसभेच्या जागा ४८ आणि विधानसभेच्या २८८ कायम ठेवायच्या होत्या, फक्त लोकसंख्येप्रमाणे हद्दी हलवायच्या होत्या. जळगाव जिल्ह्यात आधी विधानसभेच्या १२ जागा होत्या. पारोळा आणि यावल गेले, जळगावचे शहर आणि ग्रामीण असे दोन झाले, म्हणून झाल्या ११. एका लोकसभेत सहा विधानसभा बसतात, तेव्हा दोन लोकसभांना १२ लागतात. एक कमी पडली. ती बुलढाणा जिल्ह्यातून मलकापूरच्या रूपाने आली आणि आमच्या रावेरला जोडली गेली.

म्हणून आज रावेर लोकसभेत चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि विदर्भातलं मलकापूर. तुमच्या जळगावात जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा. जिल्ह्याचं मुख्यालय ज्या मतदारसंघात, त्याला जिल्ह्याचं नाव राहिलं. दुसऱ्याला रावेर म्हटलं. एरंडोलला उरली ती विधानसभा.

ती विधानसभा तरी जुनी कुठे राहिली? धरणगाव तालुका पूर्वी एरंडोल विधानसभेत होता, तो जळगाव ग्रामीणला गेला. गुलाबराव पाटील १९९९ आणि २००४ ला एरंडोलचे आमदार होते, २००९ पासून ते जळगाव ग्रामीणला लढतात. त्यांचाही मतदार त्यांच्यासोबत नाव बदलून गेला.

---

बोरीतीर

म्हंजे कागदवर हिशोब लागना, पन गावनं नाव कटनं. बराबर?

एक विचारतो. पुढची पुनर्रचना आता जनगणनेनंतर होणार म्हणतात. मग आपण 'एरंडोल' नाव परत मागू शकतो का?

---

कायदेवाचक

बोरीतीर, जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर पुनर्रचना होईल, शिवाय २०२३च्या घटनादुरुस्तीप्रमाणे महिलांचं एकतृतीयांश आरक्षणही त्या पुनर्रचनेलाच जोडलेलं आहे. तेव्हा नकाशा पुन्हा हलणार हे धरून चाला.

आयोग आधी प्रस्तावाचा मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर बैठका घेतो. अंतिम आदेश निघाला की त्याला न्यायालयात आव्हान देणं फार अवघड. त्यामुळे जे मागायचं ते मसुद्याच्या वेळेलाच मागायचं. नावाबद्दलची सूचनाही तेव्हाच देता येते. ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे ठराव जोडले तर वजन पडतं. मागच्या वेळी आपल्याकडून किती जणांनी लेखी सूचना दिल्या असतील? यावेळी तरी गाफील राहू नका.

---

पांझराकाठ

+१. नाव 'जळगाव-एरंडोल' असं जोडनाव झालं तरी चालेल. राज्यात जोडनावं आहेतच: रत्नागिरी-सिंधुदुर्ग, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर, यवतमाळ-वाशिम.

---

अमळनेरी

जोडनावाला माझा पाठिंबा, पण त्याआधी पाडळश्याची घळभरणी, म्हणजे धरणाची नदीपात्रातली भिंत पूर्ण होऊ द्या. नाव परत आलं आणि पाणी आलं नाही तर मला आनंद होणार नाही.

---

नवमतदार

मी पारोळ्याचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी 'माझ्या गावाचे खासदार' असा विषय घेतलाय. मी जळगावचीच यादी लिहून काढली होती, पंधरा पानं झाली होती. आता सगळं बदलावं लागेल, पण बरं झालं सबमिशनच्या आधी कळलं. गिरणाकाठ दादा, पारोळ्यासाठी बरोबर यादी एकदा सलग द्याल का?

---

गिरणाकाठ

लिहून घे. पारोळ्याच्या मतदारासाठी, १९७७ पासून:

एरंडोल मतदारसंघातून १९७७ सोनूसिंग धनसिंग पाटील, जनता पक्ष. १९८० आणि १९८४ विजय नवल पाटील, काँग्रेस. १९८९ उत्तमराव पाटील, भाजप. १९९१ पुन्हा विजय नवल पाटील. १९९६, १९९८, १९९९, २००४ अण्णासाहेब एम. के. पाटील, भाजप, डिसेंबर २००५ ला सदस्यत्व गेलं. २००७ पोटनिवडणूक, वसंतराव मोरे, राष्ट्रवादी.

इथून पुढे जळगाव मतदारसंघातून २००९ आणि २०१४ ए. टी. नाना पाटील, २०१९ उन्मेष पाटील, २०२४ स्मिता वाघ, सगळे भाजप.

प्रकल्पात दोन गोष्टी कर. एक, २००५ ते २००७ मधली रिकामी जागा यादीत स्वतंत्र ओळ म्हणून दाखव, ती गाळू नकोस. दोन, गावातल्या जुन्या माणसांना भेट. १९७७ ला ज्यांनी पहिलं मत दिलं ते आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. बोरीतीर तुझ्याच गावचे आहेत, त्यांच्या गल्लीतल्या त्या पाटीचा फोटो त्यांच्याकडून मागून घे आणि एरंडोलच्या ओळींशेजारी लाव.

---

बोरीतीर

फोटो आजच काढस. पोऱ्या, तू घर ये, मना बाप बी से बोलाले. त्यासले सोनूसिंग अण्णानी सभा याद से.